शिसपेन्सिल

जालन्याच्या एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत,
जुन्या बॅटऱ्या फोडतात त्या शेडमागे
मी टेबल मांडलंय. टेबल म्हणजे दोन क्रेट.
चाळीस डब्या, चाळीस नावं.

कचरू दाभाडे आपली डबी उजेडात धरतो:
"च्यापेक्षा तर साफ हाय, मॅडम.
मागल्या साली रगत दिलं, नारमल निघालं.
मग आता हे कशापायी?"

कसं सांगू.
मूत्रपिंड तक्रार करत नाही.
अर्धं झिजेपर्यंत हजेरी लावतं
आणि रक्ताचा कागद म्हणतो, ठीक.
पण त्याआधी कधीतरी, आतल्या बारीक नळ्यांत,
परत उचलून घ्यायचं एखादं प्रथिन
हातचं निसटतं.
मी तेवढंच शोधतेय.

"नळ्या गळतात का बघतेय," मी म्हणते.
"गावात नळाला पाणी न्हाई, अन् आमच्यात गळती!"
तो हसतो. हिरड्यांवर निळसर रेघ.

नाव लिहायला पेन चालेना.
त्याने कानामागची शिसपेन्सिल दिली.
पोराची आहे, तिसरीतल्या.
हिच्यात शिसं नसतं, मी म्हणाले,
नावातच तेवढं.

तो आपल्या नखांकडे बघत राहिला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं.
कचरूचा आकडा रेषेच्या किंचित वर.
किंचित म्हणजे नाहीच ना? मालकांनी विचारलं.

किंचित म्हणजे, साहेब,
अजून त्याला भट्टीवरून हलवता येतं.

पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय.