गुडघ्याखालचं माझं

इडवाल प्रिदर्खचा डावा पाय
गुडघ्यापासून खाली माझा होता.
कागदावर तसंच होतं: जखम, पट्टी, आठवड्याला दोन खेपा,
पैसे आरोग्य खात्याचे.
गुडघ्याच्या वर कौन्सिल.
पाठ, काखा, विंचरायचे उरलेसुरले केस,
सकाळची ओटची लापशी, हे सगळं रुटेंडोकडे.
साडेसातला आत, आठ-पाचला पुढच्या दारात.

आंघोळीवरून चौदा महिने पत्रं चालली.
जखमेसाठी घालायची ती औषधी,
माणसाला बरं वाटावं म्हणून घालायची ती सामाजिक.
इडवालला दोन्हींसाठी हवी होती,
तशी सोय अर्जात नव्हती.
वीतभर बांधासाठी कोर्टात गेलेल्या भावांसारखी
दोन कार्यालयं, एक चॅपलसमोर, एक बसथांब्यामागे,
आणि मधे म्हातारा,
दोन्ही घरचा पाहुणा, कोरडा.

"ठरलं की सांगा," तो म्हणायचा,
"तोवर बसतो वास मारत."

एक्केचाळीस वर्षं त्याने डोंगर सोलला होता.
पाटीचा दगड कसा उकलतो ते दाखवायचा
दोन्ही तळवे जोडून, मग हलके उघडून:
घाई केली की तुकडे.
रेघ सापडली की पान.
मी घड्याळ बघत पट्टी गुंडाळायचे.

फेब्रुवारीत ब्रिनगारवची खिंड बर्फाने बंद झाली.
वळणावर रुतलेल्या गाडीतून मी तिला माझ्या गाडीत घेतलं.
दीड वर्ष एकाच पेटीतली एकच किल्ली वापरणाऱ्या आम्ही
तेव्हा पहिल्यांदा भेटलो.
तिच्या हातांना व्हॅसलिनचा वास होता.
काच पुसत तिने सहज विचारलं,
त्या टाचेचं काय केलंत?

कुठल्या टाचेचं?

उजव्या.

उजवा पाय माझ्या कागदावर नव्हता.

स्वयंपाकघरात टेबलावर तिची निळी वही,
तिच्याखाली माझी पिवळी फाइल.
अकरा दिवस तिने लिहिलं होतं, मोठ्या शाळकरी अक्षरात:
टाच लाल. टाच लाल. टाच मऊ. नर्सला सांगा.
नवव्या दिवसावर चहाच्या पेल्याचा गोल डाग.
पेला माझा होता.

त्या सकाळी दोघींनी मिळून त्याला आंघोळ घातली.
पाणी कोणत्या खात्याचं, कोणी विचारलं नाही.
तो टबात वेल्शमधून गायला, खालच्या पट्टीत,
आणि मधेच थांबून म्हणाला, शेडमध्ये जा,
दाराजवळची तिसरी.
रुटेंडो छपराची एक पाटी घेऊन आली,
खिळ्याचं भोक आधीच पाडलेलं.
"दोन वह्या कशाला? ही टांगा."

टाच वाचली नाही.
मे महिन्यात बँगोरला पाय काढला, घोट्याच्या बराच वर.
शुद्धीवर आल्यावर म्हणाला,
"मेन्ना, तुझ्या खात्याची बचत झाली."
मी हसले. हसायला नको होतं.

शरदात कार्यालयं एक झाली.
एकच फलक, दोन भाषांत. केक होता.
हिशेबाचे रकाने अजून दोनच आहेत,
पण त्यांतली माणसं एकाच खिडकीपाशी सिगरेट ओढतात,
हे काही कमी नाही.
तपासनीस बाई आल्या, पाटी पाहिली,
म्हणाल्या, पुसली जाते ती नोंद नव्हे.
बरोबरच होतं त्यांचं.
आम्हाला टॅब मिळाले. डोंगराच्या या बाजूला
रेंज असते कधी, नसते कधी.

पाटी अजून भिंतीवर आहे.
आज सकाळी मी गेले तेव्हा तो झोपला होता,
ब्लँकेट एका बाजूला सपाट.
खडूने लिहिलेलं, वरचं अर्धं रुटेंडोच्या हाताने पुसलेलं:
रात्री खोकला. पाठ ठीक.
किटली भरून ठेवलीय.
बसून जा.