न गळलेला दाणा

पारशिवनीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या ओंजळीत
एक बोडी आहे. वैशाखातही तिचा चिखल मरत नाही.
मार्चमध्ये आम्ही तिच्यात पाईप ठोकला,
दोन मीटर चाळीस,
आणि उपसून काढलेली काळी गार कांडी
ओल्या गोणपाटात गुंडाळून, जीपच्या टपावर बांधून
नागपूरला आणली.

मे महिना. सिव्हिल लाइन्समधली मागची खोली, कूलरची घरघर.
चिखलाचा एकेक तुकडा मी बादलीत सोडते.
माती तळाशी बसते,
जळालेलं तेवढं वर येतं.
जळालं म्हणून उरलं.

भाताची तुसं. त्यांच्या बुडाशी
मुंगीच्या डोळ्याएवढा चट्टा.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं ते एवढंच:
गुळगुळीत की फाटलेला.
गुळगुळीत म्हणजे दाणा पिकला आणि गळला,
पाण्यात, आपल्या मर्जीनं.
फाटलेला म्हणजे तो थांबला होता
कुणी येऊन ओढेपर्यंत.

दोन मीटरवर गुळगुळीत एकतीस, फाटलेले चार.
दीड मीटरवर एकोणीस, बावीस.
चहावर साय धरली होती.

कुणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही.
एखादीला पोचायला उशीर झाला असेल,
मूल तापलं असेल, वाटेत अस्वल असेल.
तोवर गळायचे ते गळून गेले.
उरलेल्या हट्टी दाण्यांनीच तिचं टोपलं भरलं,
पुढच्या साली तेच चिखलात फेकले गेले.
इतक्या साऱ्या शेतीच्या मुळाशी
एक उशीर.

अश्विनात पुन्हा गेलो.
कमरेइतक्या पाण्यात अनुसया मारबते
देवधानाच्या लोंब्या टोपल्यावर वाकवून
हलकेच झटकत होती.
पुढच्या ऋषिपंचमीला नागपूरच्या बाया घेतात,
बैलाच्या घामाचं चालत नाही म्हणून.
"पेरत काहून नाही?" मी तिच्याच बोलीत विचारून पाहिलं.
"पेरलं तं मंग ते देवाचं कसं राहीन, बाई?"
अर्धं टोपल्यात पडलं, अर्धं पाण्यात.
पाण्यातल्याकडे तिनं पाहिलंही नाही.

तिनं दिलेल्या चार लोंब्या
मी टेबलावर ठेवून घरी गेले.
सकाळी आकड्यांच्या कागदावर
सात दाणे पडलेले, कुणी हात न लावता,
एक तर नेमका बेरजेवर.
कागद तिरका करून मी ते खिशात घेतले.
मोजणीत धरले नाहीत.