नमुना क्रमांक सत्तेचाळीस

"कायले नेता जी पोट्ट्याचा गू?
इकता का कोठी?"
सपरीतल्या सासवा-सुना हसल्या,
आशाताई निरूता कापगते सगळ्यांत जोरात,
आणि मी पिवळ्या झाकणाची डबी धरून
तेच उत्तर शोधत राहिले
जे प्रस्तावात इंग्रजीत नीट लिहून दिलं होतं.
म्हटलं, आतड्यात जीव असतात, बारके,
डोळ्यांना न दिसणारे,
एक गावच म्हणा ना.
"मंग सरपंच कोन हाय?"

मला अजून ठाऊक नाही.
त्यासाठीच तर डबी.

लसीचे थेंब तेच, नर्स तीच,
शेजारच्या पोरीच्या रक्तात महिनाभरात
रोटाविरुद्ध पहारा बसला,
तन्मय कुमरेच्या रक्तात कुणी उठलंच नाही.
एकाच बोडीत भिजलेले पाय,
रेशनचा तोच तांदूळ,
मधे बोरकाट्यांचं कुंपण
आणि त्यावर वाळणारे दोन्ही घरांचे कपडे,
कुणाचं कुठलं
ते संध्याकाळीच कळतं.

तर थेंबांच्या आदल्या दिवशीचा हा नमुना,
क्रमांक सत्तेचाळीस,
बर्फाच्या पेटीत ठेवला,
पेटी मोटरसायकलच्या मागे बांधली.
अर्जुनीपर्यंत बावीस किलोमीटर,
खड्डा आला की डावा हात आपोआप मागे जायचा.

उणे ऐंशीत जे थांबतं ते हरवत नाही,
असं मी विद्यार्थ्यांना सांगते.
मे महिन्यात वादळानं तारा पाडल्या.
इन्व्हर्टर सहा तास पुरला.
मी तेव्हा चुलतभावाच्या लग्नात
पंगतीत मठ्ठा वाढत होते.
सोमवारी खोलीचं दार उघडलं तर वास,
साधाच, ओळखीचा,
लेकराच्या दुपट्याला येतो तसा.
दोनशे बारा डब्या.
फरशीवर थोडं पाणी.
मी ते पोतेऱ्यानं पुसलं,
पोतेरं पिळलं,
परत पुसलं.

मेलवर कळवता आलं असतं वरच्यांना, कळवलंही.
पण टोल्यावर मेल जात नाही.
गेले.
सांगितलं.
निरूताबाई आधी काही बोलली नाही,
मग म्हणाली, "गेलं त् गेलं.
पोट्टं रोजच हागते जी,
पाह्यजे तेवढं नेजा."

आपल्या भाषेत चूक पोटात घालतात.
डोक्यात नाही, छातीत नाही.
मी वीस वर्षं शिकतेय की आतड्याची पहिली शहाणीव
लढणं ही नव्हे,
कुणाला राहू द्यायचं ते ओळखणं ही आहे:
शंभर परके येतात,
नव्याण्णवांना बस म्हणायचं.
हे मला कुणी पाठ्यपुस्तकाबाहेर
असं बाजेवर बसवून,
गंजातली आंबील पुढे सरकवून
समजावलं नव्हतं.

तरी खोटं बोलवेना.
म्हटलं, बाई, आजचा चालत नाही.
थेंबांच्या आधीचं पोट पाहिजे होतं,
ते आता परत येत नाही.

सपरी गप्प झाली.
कुंपणावरून एक कोंबडी अलीकडे आली.
तन्मयच्या आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं,
हात पदराला पुसला,
आणि पोटावर ठेवला. सहावा असेल, सातवा.
"मंग याचं घेजा.
थेंबाच्या आधीचंच मिळन तुमाले."

मी वही काढली. तारीख विचारायची होती,
विचारली नाही.
आंबील प्यायले, आंबट,
तिच्यात काय काय जिवंत आहे ते ठाऊक असून
किंवा ठाऊक असल्यामुळेच.

अंगणात तन्मयनं
मातीचं ढेकूळ उचललं, चांगलं मुठीएवढं,
आणि तोंडात घातलं.
मी हात पुढे केला,
मागे घेतला.
मग पुन्हा पुढे.