दाबा, धरा, सोडा

लांबचं चाक आधी, मामंजी म्हणाले,
मागचं, डाव्या अंगाचं.
तिथनं सुरू करायचं आणि जवळ जवळ येत यायचं.

रविवार. कृष्णाघाट रोडवर ऊन अजून
रफिकभाईंच्या दारातल्या भोपळ्यांपर्यंत आलेलं नाही.
गाडी माझ्या लग्नाच्या वर्षातली.
एका चाकाखाली जॅक, बाकीच्यांना विटांची उटी,
आणि मी गोणपाटावर आडवी,
हातात दहाचा पाना,
तोंडावर चारचाकीचं पोट.

मामंजी ड्रायव्हरच्या सीटवर.
मिरज डेपोत छत्तीस वर्षं लाल गाड्यांखाली काढली त्यांनी,
आता हात कापतात.
कप बशीवर वाजायला लागला की
आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.
पाय मात्र ठणठणीत.
"पायाला अजून कुणी सांगितलंच नाही," म्हणतात.

दाबा.
तीनदा पायडल फुसफुसतो.
धरा.
मी स्क्रू पाव आटा ढिला करते,
पायडल खाली जातो, पायरी चुकावी तसा.
गेला तरी पाय काढायचा नाही, हे त्यांचंच सांगणं.
मी आवळते.
सोडा.

अकरा वर्षांत त्यांना मी एक शब्द हुकमाचा बोलले नव्हते.
आज सकाळपासून शंभर झाले असतील.

जुनं ब्रेक ऑइल काकवीसारखं,
नळीतनं हॉर्लिक्सच्या बाटलीत उतरतंय.
नळी मामंजींनी पेटीतनं काढून दिली,
धुतलेली, गुंडाळून रबर लावलेली.
मी ओळखली. सलाईनची.
सासूबाईंच्या वेळची.
कधी आणली, कशाला ठेवली, विचारलं नाही.
मिरजेत दवाखान्यातनं माणूस काही ना काही घेऊन परत येतो.

तेव्हा रात्रभर ते त्या नळीकडं बघत बसायचे.
बुडबुडा दिसला की नखानं टिचकी,
मग सिस्टरला हाक.
ती म्हणायची, एवढ्याशा हवेनं काय होत नाही आजोबा,
झोपा तुम्ही.

"आला का गं?"
आला. बारका.
"एवढीशी हवा पण चालत नाही पोरी. जाऊ दे तिला. परत दाबतो."

दाबा.
धरा.

तिसऱ्या चाकाला मी मान बाहेर काढली, पाणी प्यायले,
तर वरनं आवाज, अगदी हळू:
"टाकी बघितलीस?"
नव्हती बघितली.
बॉनेट उघडलं तर तळ दिसत होता,
आणि नळीत मोहरीएवढे, मोहरीएवढे,
सगळे रांगेनं.

मला वाटलं आता डेपोतली एखादी शिवी निघणार.
मामंजींनी काचेतनं हात बाहेर काढला, तो तसाच कापत होता,
आणि डाव्या मागच्या चाकाकडं दाखवला.
लांबचं आधी.

रफिकभाईंनी भोपळा घासायचा थांबवून विचारलं,
मेकॅनिक मिळाला नाही का?
"मिळाला की," मामंजी म्हणाले. "खाली झोपलाय."

दुपारी नवं तेल आलं नळीत,
गवती चहासारखं, आरपार.
मडगार्डवर सांडलेले दोन थेंब मी साबणाच्या पाण्यानं धुतले,
रंग खातं ते.
पायडल विटेसारखा कडक झाला.
मामंजी तरी दाबतच राहिले बराच वेळ,
मी सोडा म्हटलेलं
ऐकू आलं नसावं.

संध्याकाळी गाडी घाटाच्या उतारावर घेतली.
मी चालवत होते, ते डावीकडं, चप्पल काढून.
खाली नदी, काठावर धुणं वाळत पडलेलं,
एक म्हैस रस्त्यात आली, उभीच राहिली.
मी दाबला.
त्यांनीही दाबला, रिकाम्या मॅटवर, तेवढाच जोर लावून.
गाडी जागच्या जागी.

म्हशीनं आमच्याकडं बघितलं न बघितलं.

"मागं घे," मामंजी म्हणाले.
"अजून एकदा बघू."