तेवीस सुया

ग्रीस बोटांना नको, भोकाला लाव, प्रणाली.
दाट लाव. थंडीत तूप थिजतं तसं.
आता एकेक सुई उभी कर
आणि मोठ्यानं मोज. माझा डावा कान
एकोणनव्वद साली एका डंपरनं नेला,
उजवा हप्त्यावर चाललाय.

कोळेकर कंपाउंडरची ॲम्बॅसडर ही.
तिसरा टाकताना खरडतो,
आणि दंडोबाच्या चढाला सुटतो.
मग बाईंनी दांडी धरून बसायचं.
स्टिअरिंग यांनी सांभाळायचं, गिअर त्यांनी,
बेचाळीस वर्षं झाली म्हणतात.

तेल काढलं तेव्हा बघितलंस की,
काळ्यात पिवळी चमक.
ती रिंग होती. झिजून झिजून तेलात उतरलेली.
लोकांना वाटतं गिअर दातांनी लागतो.
आधी रिंग लागते, पोरी,
पळणाऱ्याला जरा थांब म्हणते, थांबलेल्याला चल म्हणते,
मग दात.
नवी कुठं मिळतीय!
कुपवाडच्या लेथवर इरगोंडानं पितळेची कातून दिली,
पैसे घेतले नाहीत,
चहा घेतला, तोही बिनसाखरेचा.

एकवीस. बावीस.
तेविसावी जरा नखरा करते.
अंगठ्यानं दाब. पान्यानं नको.
या टोकाला तेवीस, त्या टोकाला तेवीस.
मेलेली स्प्रिंग काढून नवी घाल, गोळी हरवू नको,
ती उडून कोळेकरांच्या चहात पडंल.

पेटी छातीवर घेऊन मी खाली सरकलो.
आता सरकताना कमरेला विचारावं लागतं.
बोल्ट, प्रॉपेलर, क्लचची तार,
नव्वद नंबरचं तेल, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत.
बाहेर आलो, रॉकेलनं हात धुतले,
कोपराच्या घडीत
एक सुई.

कोळेकर स्टुलावरून उठले होते, किल्ली बोटात फिरवत.
मी मूठ मिटली.
"गाडी चालू कर," म्हणालो,
स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावलं,
मूठ जबड्याच्या हाडाला.
काही नाही. गुळगुळीत.
हाड खोटं बोलत नाही,
पण हाड माझंच.

"मिस्त्री, मी दोनदा मोजल्यात,"
प्रणाली म्हणाली. तिनं बघितलं होतं.
डब्यातली जुनी असंल, एवढं म्हणून भागलं असतं.
ती पुढं काही बोलली नाही,
परात सरकवून तिनं तेलाचा बोल्ट सोडला.
तेल अजून कोमट होतं.
कोळेकर परत स्टुलावर बसले.

रात्री सव्वानऊला, एका दिव्याच्या उजेडात,
वर्तमानपत्रावर मांडून तिनं मोजल्या.
तेवीस.
दुसऱ्या टोकाच्या, तेवीस.
एकही कमी नाही.

मग ही कुणाची?
ग्रीसचा डबा मी उलटा केला.
वीस वर्षं तोच डबा, वरून भरत आलो,
आज पहिल्यांदा तळ खरवडला होता.
म्हणजे जतच्या रस्त्याला,
नाहीतर आष्ट्यात कुणाच्या गोठ्यामागं,
बावीस सुयांवर एक गाडी चालली असंल,
किंवा चालायची थांबली असंल,
आणि मालक म्हणाला असंल, जुनीच होती.
तेव्हा मोठ्यानं मोजणारं कुणी ठेवलं नव्हतं मी.
दोन्ही कान शाबूत होते.

सुई कागदात बांधून मी खिळ्याला लावली.
प्रणालीनं त्यावर काही लिहिलं नाही,
तारीख तेवढी घातली.

सकाळी दंडोबाला गेलो. मी मागं, ती माझ्या शेजारी.
तिसरा पडला, लोण्यात सुरी जावी तसा,
आणि राहिला.
बाईंचे दोन्ही हात मांडीवर,
पाहुण्यांकडं बसल्यासारखे.
दुसऱ्या वळणाला डावा हात
परत दांडीपाशी गेला.
"आता नको धरायला," प्रणाली म्हणाली.
कोळेकर रस्त्याकडंच बघत होते.
"राहू दे," म्हणाले.