लाल-निळी

निवतीच्या जत्रेत रात्री साडेअकराला
पखवाजावर थाप पडते, तेव्हा आम्ही दोघं
देवळाच्या डाव्या खांबाशी,
खाजाच्या दुकानांकडे पाठ करून.
सगुण म्हणतो, मी मागे जातो.
मी पुढेच बसते. हे ठरलेलं आहे,
अण्णा ज्या लाल-निळ्या पेन्सिलीने पेपर तपासायचे
तिचे त्यांच्याच टेबलाखाली आम्ही
दोन तुकडे केले तेव्हापासून.
लाल मला आली, निळी त्याला.
मार अर्धा-अर्धा.

गणपती येऊन जातो, रिद्धी-सिद्धी पदर सावरत जातात,
संकासुर काळ्या अंगरख्यातून पोरांना वाकुल्या दाखवतो,
आणि मग मांडावर उरतं फक्त एक बाकडं.
तेच सिंहासन, तेच अरण्य.
मघाशी त्यावर झांजवाला चहा पीत होता.
बाकड्याला रेघा लागतात सात-आठ.
मी ती दरवर्षी चुकवते.

कागदाकडे बघायचं नाही, हा नियम.
बघितलं की राजा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो,
आणि ते वाक्य त्यालाही आधी माहीत नसतं.
लिहिलेलं काही नाही. तो बोलतो,
राणी उत्तर देते, उत्तरातून युद्ध निघतं,
आणि माझी रेघ मागून धावते
होडी पाण्यात ढकलणाऱ्यांतल्या
शेवटच्या माणसासारखी,
अर्धी ओली, अर्धी ओरडत.

सगुणने काय काढलं ते मला पहाटेच कळतं.
पेटाऱ्यावर डोकं टेकून घोरणारा राक्षस.
सेफ्टीपिन दातांत धरलेली दमयंती.
इंद्राची चप्पल, एकच.
आणि राणी झालेले भिवा धुरी,
निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलून, बिडी ओढत
कुणाला तरी नातीच्या फीचा हिशेब सांगताना.

यंदा दहीकाला झाल्यावर ते स्वतःच आले.
एक गाल पुसलेला, एक अजून राणीचा.
म्हणाले, दाखव.
माझं पान बघितलं. सगुणचं बघितलं.
पुन्हा माझं.
"ह्यात मी खंय आसंय रे?"

आम्ही गप्प. समुद्र तेवढा ऐकू येत होता.
सगुणने माझं पान त्याच्या पानावर ठेवलं
आणि दोन्ही उगवतीकडे धरली.
दवाने कागद मऊ झालेले, आरपार दिसत होतं.
जुळलं नाही.
माझा लाल डोळा त्याच्या निळ्या कोपरावर पडला,
मुकुट पाठीवर, हात हवेत.
फक्त बिडीचं टोक
राणीच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी.
निळं.

धुरीमामा हसले, मग खोकले, मग परत हसले.
"बरां झालां. जुळलां असतां
तर फुडच्या वर्साक मी काय बोलतलंय?"
आणि बांगड्या काढत काढत
चहाच्या टपरीकडे गेले.

सहाच्या एस्टीत सगुण झोपला, तोंड उघडं टाकून.
परुळ्यापर्यंत मी त्याला काढला. नाक चुकलं.

अण्णांची ती पेन्सिल केव्हाच संपली.
आता दर जत्रेआधी कुडाळच्या दुकानात
आम्ही एक लाल-निळी मागतो.
दुकानदार म्हणतो, दोघं आहात, दोन घ्या की.
आम्ही एकच घेतो,
आणि त्याच्यासमोर मोडत नाही.