लोकर पलीकडे जात नाही

मंगळवार, आंघोळीचा वार.
मिस्टर थ्वेट प्लास्टिकच्या, भोकांच्या खुर्चीत बसतात
आणि मी कार्डिगनची बटणं काढायला घेते.
सहा बटणं. पाचवं वेगळ्या रंगाचं.
हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात,
खिडकीबाहेर गिरणीची चिमणी तेवढी उभी,
धूर विसरलेली.

त्यांनी एकतीस कादंबऱ्या लिहिल्यात.
कपाटात आहेत, पिवळ्या पडलेल्या, खिशात मावतील एवढ्या,
मुखपृष्ठावर रॉकेट, आणि रॉकेटापेक्षा ठळक बाई.
रात्रपाळीला मी त्यातल्या नऊ वाचल्या.
प्रत्येकीत कुणीतरी नागवं होतं.
काळाच्या यंत्रातून पलीकडे पडतं ते नागवं,
दोनशे वर्षं बर्फात निजून उठतं ते नागवं,
एकीत तर परग्रहावरची पोरं
पाहुण्याचा कोट चिमटीत धरून विचारतात :
ही साल सोलायची कधी?

"मुखपृष्ठावरची बाई प्रकाशकाची," ते म्हणाले.
"आतली माणसं माझी."

मग पाणी कोमट होईस्तोवर सांगत बसले.
बाप इथंच, मागावर.
खाकी सर्ज विणायचा सैन्यासाठी, मैलच्या मैल.
थोरले दोघे भाऊ त्याच कापडात गेले.
एक परत आला, तोही
गळ्यापर्यंत बटणं लावूनच जगला.
"म्हणून माझ्या यंत्रातून लोकर पलीकडे जात नाही, किम.
पट्टा नाही, पदक नाही, फीत नाही.
पलीकडे जनरल उतरतो, त्याचा आचारी उतरतो,
आणि थंडीत दोघांचं सारखंच आक्रसतं."

किम म्हणजे मी.
बिल्ल्यावर कुमुदिनी मावत नव्हतं.

माझाही बाप मागावरचा. इचलकरंजीचा.
हे मी लगेच सांगितलं नाही.
मादरपाट विणायचा तो.
एकाच ताग्यातून बाळोती निघायची
आणि शेवटचं कापडही,
मधल्या साठ-सत्तर वर्षांसाठी मात्र
गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं.

मी म्हटलं, आमच्यात एक म्हण आहे,
उघड्याकडे नागडं गेलं, रात्रभर हिवानं मेलं.
इंग्रजीत येताना तिची थंडी जरा कमी झाली,
तरी ते हसले, बादलीतलं पाणी हिंदकळेपर्यंत.
"ही माझी बत्तिसावी. दोन ग्रह. एक रात्र."

मग चेव येऊन मी दिगंबरही सांगितला.
काही नेसत नाही, असं नाही.
दिशा नेसतो.
ते बराच वेळ गप्प.
"पण वर," बोट छताकडे, ओलीच्या डागाकडे,
"वर दिशा नसतात, पोरी.
तिथं तो काय नेसेल?"

मला उत्तर आलं नाही. मी पाठ चोळत राहिले.
पाठीवर तीळ, कुणीतरी नकाशा काढायला घेऊन
अर्ध्यात उठून गेल्यासारखे.

व्हिसासाठी माझ्या छातीचा फोटो काढला होता.
मागून उघडा झगा, मंगळसूत्र स्टीलच्या ट्रेमध्ये,
काचेपलीकडून आवाज : श्वास रोखा.
नंतर दिव्यासमोर धरल्या त्या फासळ्या
कुणाच्याही असत्या.
त्यांना आडनाव नव्हतं, बाप नव्हता, कर्ज नव्हतं.
कातडीसुद्धा इकडेच ठेवून
मी यंत्रातून पलीकडे गेले होते
आणि कुणी कोट पुढे केला नव्हता.

सांगणार होते हे. तोंड उघडलंही.
तेवढ्यात बाहेर चहाची ट्रॉली खडखडली,
आणि अर्धं विश्व उघडं करून धाडणारा माणूस
दोन्ही तळवे मांड्यांमध्ये दाबून पुटपुटला,
"पडदा, किम. पडदा ओढ."

ओढला.
रेडिएटरवरचा ऊन टॉवेल खांद्यांवर घातला,
पुढून घेतला, हनुवटीखाली धरून ठेवला.
टॉवेलच्या टोकाला शिवलेली चिंधीएवढी पट्टी,
धुऊन धुऊन पांढरी.
कुठं विणलाय, ते
आम्हा दोघांनाही वाचता आलं नाही.